रँडम नंबर काढायचाय? आधी तो कशासाठी, ते ठरवा

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत पार्किंगची सोडत होती. घरं ६४, जागा ४१. आधी चिठ्ठ्या टाकायचे. या वेळी ‘कम्प्युटरनेच काढू, म्हणजे कुणाला बोलायला नको’ असं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. पायथनमध्ये दहा ओळी लिहिल्या, सभेत प्रोजेक्टर लावून चालवल्या, यादी पडद्यावर आली. मग तिसऱ्या मजल्यावरचे एक काका उठले. त्यांचा नंबर लागला नव्हता. शांतपणे म्हणाले, “बाळा, परत एकदा चालव बघू.” चालवलं. यादी वेगळी आली, आणि या वेळी काका आत होते. “मग यातली खरी कुठली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रोग्रॅम बरोबर होता, फक्त त्या कामासाठीचा नव्हता. सोडत रद्द झाली, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं ठरलं. त्या दोन आठवड्यांत मी जे शिकले, आणि नंतर नोकरीतल्या कामात जे ठेचा खाऊन कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही प्रोग्रॅमिंग नुकतं सुरू केलं असेल तरी जमेल.

काय लागेल

- पायथन ३.६ किंवा त्यापुढचं. त्यात ‘रँडम’ आणि ‘सीक्रेट्स’ ही दोन्ही मॉड्यूल्स आयती मिळतात. दुसरी भाषा येत असेल तरी चालेल, तत्त्व तेच आहे.
- कागद-पेन. दुसऱ्या पायरीत खरंच लागणार आहे.
- जाहीर सोडत काढायची असेल तर सगळ्यांनी मान्य केलेली, अंतिम झालेली नावांची यादी. ती आठव्या पायरीत.

१. आधी काम कुठलं ते ओळखा

रँडम नंबर तीन प्रकारच्या कामांसाठी लागतो, आणि तिन्हींच्या गरजा एकमेकींशी जुळत नाहीत.

पहिलं काम खेळ आणि प्रयोगांचं. सापशिडीचा फासा, ट्रॅफिकचं सिम्युलेशन, सर्वेक्षणासाठी नमुना निवडणं. इथे वेग हवा, आणि चूक शोधताना तोच क्रम पुन्हा मिळायला हवा.

दुसरं गुपिताचं. ओटीपी, पासवर्ड, लॉगिनचं टोकन. इथे तोच क्रम पुन्हा मिळणं हेच संकट. दुसऱ्या कुणालाही अंदाज बांधता येता कामा नये.

तिसरं जाहीर निवडीचं, म्हणजे सोडत. आधी कुणालाच अंदाज नको, पण नंतर कुणालाही तपासता यायला हवं. नवशिके इथेच सर्वांत जास्त फसतात, कारण पहिल्या दोन्ही कामांची तयार साधनं इथे अर्धवटच उपयोगी पडतात.

कुठलंही फंक्शन शोधायच्या आधी हे एका वाक्यात लिहून ठेवा: ‘हा नंबर कुणाला ओळखता येऊ नये, आणि नंतर कुणाला तपासता यावा?’

२. आत काय चालतं ते एकदा हाताने करून बघा

कम्प्युटर सांगितलेलंच करतो, त्यामुळे नुसत्या हिशेबातून खरी अनिश्चितता निघत नाही. निघतो तो अनिश्चित दिसणारा क्रम. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४०च्या दशकात सुचवलेली युक्ती अशी: चार अंकी संख्येचा वर्ग करा, तो आठ अंकी लिहा, मधले चार अंक उचला, पुन्हा वर्ग करा. ६१७४ पासून सुरू करा. वर्ग ३८११८२७६, मधले अंक ११८२. त्याचा वर्ग ०१३९७१२४, मधले ३९७१. पुढे ७६८८, मग १०५३. दिसायला छान.

आता २१०० पासून करा. ४१००, ८१००, ६१००, आणि परत २१००. चाक तिथेच फिरत राहतं. २५०० घेतलेत तर ते स्वतःवरच अडकतं.

६१७४ मी मुद्दाम घेतला. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी दाखवलं होतं की, चार अंकी कुठलीही संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करा, आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो. अंकांची कितीही घुसळण केली तरी ती ठरलेल्या खड्ड्यात जाऊन पडू शकते, हे कापरेकरांच्या या उदाहरणाइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

नंतर जास्त रुळली ती पद्धत अशी: आधीच्या संख्येला एका ठरावीक संख्येने गुणा, एक ठरावीक संख्या मिळवा, भागाकार करून बाकी घ्या. हीसुद्धा कागदावर करा. पाचाने गुणा, तीन मिळवा, सोळाने भागून बाकी घ्या. सातपासून सुरुवात केली की असं येतं:

७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, आणि पुन्हा ७.

० ते १५ मधली प्रत्येक संख्या एकदा आली, एकही सुटली नाही. पण सम-विषम बघा. विषम, सम, विषम, सम, शेवटपर्यंत एक आड एक. या क्रमातून छापा-काटा करायला ‘दोनाने भागून बाकी’ घेतलीत तर छापा, काटा, छापा, काटा असंच मिळत राहील. भाजक दोनाचा घात असला की या पद्धतीत सम-विषमाची अशी काहीतरी खोड हमखास असते. आयबीएमच्या मशीनवर १९६०च्या दशकात खूप वापरला गेलेला ‘रँडयू’ याच जातीचा होता. त्याचे लागोपाठचे तीन-तीन आकडे बिंदू म्हणून घनात मांडले, तर सगळे बिंदू फक्त १५ सपाट पातळ्यांवर येतात. वर्षानुवर्षं लोकांनी त्यावर गंभीर संशोधनाचे हिशेब केले होते.

आजचं पायथन ‘मर्सेन ट्विस्टर’ वापरतं. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी तो १९९७ मध्ये तयार केला. त्याचा क्रम २ च्या १९,९३७ व्या घातातून एक वजा इतक्या आकड्यांनंतर पुन्हा सुरू होतो. खेळ आणि सिम्युलेशनसाठी निर्धास्त वापरा. गुपितासाठी का नाही, ते सहाव्या पायरीत.

३. सीड समजून घ्या

वरच्या उदाहरणातला सुरुवातीचा ७ म्हणजे सीड. सीड तोच, तर पुढचा सगळा क्रम तोच.

सिम्युलेशनमध्ये सीड स्वतः द्या आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींत, छापा. ‘काल रात्री एकदाच बिघडलं, आता बिघडत नाही’ या प्रकारच्या चुका पकडायचा दुसरा उपाय नाही. पायथनमध्ये सीड दिला नाही तर ते ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतं, म्हणून माझी यादी प्रत्येक वेळी बदलत होती. उलट सी भाषेत ‘एसरँड’ न बोलावता ‘रँड’ वापरलंत तर प्रोग्रॅम प्रत्येक वेळी एक हाच सीड धरतो आणि रोज तोच ‘रँडम’ क्रम देतो. जावास्क्रिप्टच्या ‘मॅथ डॉट रँडम’ला तर सीड देताच येत नाही. तपासता येण्याजोगं काही हवं असेल तर ते त्या कामाचं नाही.

दोन सापळे.

एक, सीड लूपच्या आत देणं. घड्याळातले सेकंद सीड म्हणून देऊन लूपमध्ये दर वेळी नव्याने सीड केलं, तर त्या एका सेकंदात हजार वेळा तोच आकडा येतो. सीड सुरुवातीला, एकदाच.

दोन, लहान सीड. १९९९ साली एका ऑनलाइन पोकरच्या प्रोग्रॅमचं असं झालं. पत्ते पिसायला सीड होता मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद. ५२ पत्त्यांचे क्रम इतके की ती संख्या ६८ अंकी आहे, पण दिवसाचे मिलिसेकंद फक्त ८ कोटी ६४ लाख. म्हणजे एवढेच डाव शक्य. काही अभ्यासकांनी आपलं घड्याळ सर्व्हरशी जुळवून ही शक्यता दोन लाखांच्या आसपास आणली, आणि पहिले पाच पत्ते कळताच समोरच्या सगळ्यांच्या हातातले पत्ते सांगून दाखवले. पत्ते पिसण्याची पद्धत कितीही चांगली असो, सीड जेवढे तेवढेच डाव.

४. हव्या त्या टप्प्यात आणा, पण बाकी घेऊन नको

समजा तुमच्याकडे ० ते २५५ मधला आकडा येतो आणि तुम्हाला ० ते ९९ हवाय. पहिलं सुचतं ते १०० ने भागून बाकी घेणं. पण २५६ म्हणजे दोन शंभर आणि वर ५६. त्यामुळे ० ते ५५ या आकड्यांना येण्याच्या तीन-तीन संधी, तर ५६ ते ९९ यांना दोन-दोनच. सोडतीत पहिल्या ५६ जणांना इतरांपेक्षा दीडपट संधी दिलीत!

उपाय साधा आहे. २०० किंवा त्यावरचा आकडा आला तर टाकून द्या, नवा घ्या. राहिलेल्या ० ते १९९ मध्ये सगळ्यांना दोन-दोन संधी. पायथनचं ‘रँडइंट’ हे आतल्या आत नीट करतं, म्हणून भाषेने दिलेलं फंक्शन असेल तर तेच वापरा.

टोकांकडेही लक्ष ठेवा. पायथनच्या ‘रँडइंट’मध्ये १ आणि ६ दिले की दोन्ही टोकं धरली जातात. ‘रँडरेंज’मध्ये शेवटचं टोक धरलं जात नाही, नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतही एरवी धरलं जात नाही. एकीकडचा कोड दुसरीकडे चिकटवला की सहा कधीच न पडणारा फासा तयार होतो, आणि ते लवकर लक्षातही येत नाही.

५. क्रम लावायचा असेल तर पत्ते नीट पिसा

तंबोल्यात १ ते ९० आकडे काढायचे तर दर वेळी नवा रँडम आकडा काढून ‘आधी आलाय का’ बघत बसू नका. ९० आकड्यांची यादी करा, एकदा पिसा, वरून एकेक वाचा. आपण चिठ्ठ्यांच्या डब्यात हेच करतो.

पिसण्याची बरोबर पद्धत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ मध्ये कागद-पेनसाठी दिली होती. आजचं रूप असं: शेवटच्या जागेपासून सुरुवात करा. पहिल्या जागेपासून त्या जागेपर्यंत, तीही धरून, एक जागा रँडम निवडा आणि तिथला पत्ता इथल्याशी बदला. मग एक जागा पहिल्या जागेच्या दिशेने सरका आणि मागे राहिलेली जागा पुन्हा हलवू नका.

चूक होते ती अशी की, प्रत्येक वेळी संपूर्ण यादीतून जागा निवडली जाते. तीनच पत्ते घ्या. तीन वेळा तीन पर्याय म्हणजे २७ वाटा, पण क्रम फक्त ६. २७ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे सगळ्या क्रमांना सारखी संधी मिळणं शक्यच नाही. प्रत्यक्षात तीन क्रम ५-५ वाटांनी येतात, तीन ४-४ वाटांनी. हा हिशेब हाताने करून बघा, पुन्हा कधी चूक होणार नाही.

दुसरी चूक म्हणजे सॉर्ट फंक्शनला ‘या दोघांत कोण मोठं’ याचं रँडम उत्तर देणं. २०१० मध्ये युरोपात मायक्रोसॉफ्टला ब्राउझर निवडायची स्क्रीन दाखवावी लागली, तेव्हा त्यातला क्रम अशाच पद्धतीने लावला होता आणि काही ब्राउझर काही जागांवर उघडपणे जास्त वेळा येत होते. हेतू वाईट नसला तरी निकाल वाकडा येतो.

पायथनमध्ये ‘शफल’ आहे, थोडेच हवे असतील तर ‘सॅम्पल’ आहे. एक्सेलवाल्यांनी शेजारच्या रकान्यात ‘रँड’ भरून त्या रकान्यावर सॉर्ट करावं, ते योग्य आहे. मात्र शीटवर कुठेही काही टाइप केलं की रँडचे आकडे बदलतात. म्हणून आधी तो रकाना कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा, मग सॉर्ट करा, नाहीतर कुठल्या आकड्यांनी क्रम लागला हे नंतर कुणालाच दाखवता येत नाही.

६. गुपित असेल तर ‘रँडम’ला हात लावू नका

मर्सेन ट्विस्टरचे लागोपाठचे ६२४ पूर्ण आकडे कुणाला दिसले, तर त्याची आतली स्थिती काढता येते आणि पुढचे सगळे आकडे सांगता येतात. आकडेशास्त्राच्या कसोट्यांवर उत्तम, कुलूप म्हणून निरुपयोगी. ओटीपी, पासवर्ड रिसेटची लिंक, एपीआय की (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला ओळख पटवायचा गुप्त कोड) यांसाठी पायथनमध्ये ‘सीक्रेट्स’, ब्राउझरमध्ये ‘क्रिप्टो’चं ‘गेट रँडम व्हॅल्यूज’. हे दोन्ही आपले आकडे ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतात, आणि ती प्रत्यक्ष हार्डवेअरमधल्या घडामोडींच्या बारीकसारीक वेळांतून अनिश्चितता गोळा करत असते.

इथे स्वतःची सुधारणा करायचा मोह टाळा. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमधून इशारे येतात म्हणून काही ओळी काढल्या गेल्या. २००८ मध्ये लक्षात आलं की, त्यानंतर सीडमध्ये बदलणारी गोष्ट म्हणून जवळपास प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, नंबरच उरला होता, म्हणजे सुमारे ३२ हजार पर्याय. दोन वर्षांत बनलेल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या.

आणखी दोन छोट्या गोष्टी, दोन्ही माझ्या कामात प्रत्यक्ष घडलेल्या. सहा अंकी ओटीपी आकडा म्हणून साठवला होता, त्यामुळे ००४२१७ चा एसएमएस ४२१७ असा गेला आणि ग्राहक अडकला. ओटीपी अक्षरमाला (स्ट्रिंग) म्हणून साठवा. दुसरं, कूपनसाठी सहा अंकी कोड काढताना ‘दहा लाख पर्याय आहेत, दोन सारखे कशाला येतील’ असं वाटतं. पण साधारण १,१७८ कोड झाले की कुठले तरी दोन सारखे असण्याची शक्यता निम्म्यावर जाते. कोड लांब ठेवा आणि डेटाबेसमध्ये वेगळेपणाची अट घाला.

७. निदान एकदा मोजून बघा

फासा ६,००० वेळा टाका आणि मोजा. प्रत्येक बाजू हजारच्या आसपास, बहुतेक वेळा ९४२ ते १,०५८ मध्ये यायला हवी. एखादी बाजू ८०० वेळाच आली तर चौथी पायरी पुन्हा वाचा. प्रत्येक बाजू बरोबर हजार आली तरीही संशय घ्या, खरा फासा इतका शिस्तीत पडत नाही. मग लागोपाठच्या जोड्या मोजा, कारण दुसऱ्या पायरीतला एक आड एक क्रम नुसत्या बाजू मोजून सापडला नसता.

या मोजणीने चूक सापडते, सुरक्षितता सिद्ध होत नाही.

८. जाहीर सोडत: आमच्या दुसऱ्या वेळची रीत

आता तिसऱ्या प्रकारचं काम. सीड दिला की सगळ्यांना तीच यादी मिळते, म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पण सीड कोण ठरवणार? मी ठरवला तर मी घरी दोनशे सीड चालवून हवा तो घेऊन येऊ शकते. सभेत दहा जणांनी एकेक अंक सांगितला तरी शेवटचा माणूस, कोड हाताशी असेल तर, दहा निकालांतून एक निवडू शकतो. सीड असा हवा की तो आधी कुणाच्या हातात नसेल आणि नंतर सगळ्यांना दिसेल. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ ही संस्था आपली एक समिती अशीच निवडते: पुढे जाहीर होणारे सार्वजनिक आकडे कोणते घेणार, ते आधी सांगून ठेवते.

आम्ही शेअर बाजार घेतला. सोडतीच्या आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर हे लावलं:

- घर क्रमांकांची अंतिम यादी, चढत्या क्रमाने, सचिवांच्या सहीसह. यादीचा क्रम बदलला तर निकालही बदलतो, म्हणून क्रमही गोठवायचा.
- प्रोग्रॅमची छापील प्रत.
- पायथनचं नेमकं व्हर्जन. निरनिराळ्या व्हर्जनमध्ये ‘शफल’चा निकाल तोच येईल याची हमी नसते.
- सीडचा नियम: येत्या शुक्रवारचा सेन्सेक्सचा आणि निफ्टीचा बंद आकडा, या क्रमाने, मध्ये एक स्पेस. त्या दिवशी बाजार बंद असेल तर पुढचा कामकाजाचा दिवस.
- पहिल्या ४१ जणांना जागा, उरलेले त्याच क्रमाने प्रतीक्षा यादीत.

सीड अक्षरमाला म्हणून जातो, त्यामुळे लिहिण्याची पद्धत अक्षरशः ठरवा. स्वल्पविराम द्यायचा की नाही, दशांशानंतर दोन अंक लिहायचे की नाही, शेवटी चुकून स्पेस पडली का. आणि आपल्याकडची खास अडचण: कीबोर्ड मराठीवर असेल तर मराठी अंक आणि इंग्रजी अंक ही कम्प्युटरसाठी वेगळी अक्षरं आहेत, यादी पार वेगळी येते. आमच्या तालमीत हे घडलं, म्हणून नोटिशीत ‘इंग्रजी अंक, स्वल्पविराम नाही, दशांशानंतर दोन अंक’ असं वाढवलं. तालीम मात्र जुन्या तारखेच्या आकड्यांवर घ्या.

शनिवारी सभेत मी प्रोजेक्टर लावलाच नाही. तीन घरांतले तीन लॅपटॉप मागवले. एकावर काकांचा नातू बसला. त्याने आकडे टाइप केले, काकांनी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून ताडून पाहिले. तिन्ही पडद्यांवर पहिलं घर एकच आलं, मग दुसरं, मग सगळीच यादी. काकांचं घर ४७ व्या क्रमांकावर होतं. त्यांनी छापील यादीखाली साक्षीदार म्हणून सही केली, आणि प्रतीक्षा यादीत आपला नंबर सहावा आहे हे खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.